पाटावर बसण्याआधी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे मी काय समजले ते तुम्हालाही कळेल. तुम्ही द्राक्षाच्या रोगांवर संशोधन करता आणि देव मानत नाही. पत्नी मानतात; रोजची पूजा, चतुर्थी, सगळं मनापासून. लग्नाला सहा वर्षं झाली. ठरवून झालं, पत्रिका पाहून, आणि तेव्हा तुम्ही घरच्यांपुढे काही बोलला नाहीत. गेल्या दीड वर्षात दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत गर्भ गेला. आता दोन्हीकडची वडीलधारी म्हणतात, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या. पत्नीलाही करायचंय. तुम्ही लिहिता, "बसलो तर स्वतःशी बेइमानी, नाही बसलो तर घर मोडेल." आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: तिनं पहिल्या सोनोग्राफीचा कागद देव्हाऱ्यात ठेवलाय, त्याचं काय करायचं कळत नाही.

मला विचाराल तर बाकीचा सगळा प्रश्न त्या ओळीच्या मागून आलाय. तिथवर येतेच.

आधी माझी बाजू सांगून टाकते. नाशिकमध्ये बावीस वर्षं विवाह-समुपदेशन करतेय. संध्याकाळी देवापाशी दिवा लावते. पण पूजेनं गर्भ टिकतो असं मला वाटत नाही, आणि घराण्याला दोष लागतो हे तर मुळीच पटत नाही. म्हणजे वाद घालायचाच ठरला तर मी तुमच्या बाजूची. तरी तुमचं वाचताना उठून तुमच्या पत्नीजवळ जाऊन बसावंसं वाटलं.

इथं हे काम करायचं म्हणजे त्र्यंबक टाळता येत नाही. नागबळी, कालसर्प, त्रिपिंडी. लांबलांबचे लोक मुहूर्त धरून गाड्या करून येतात. आपल्याला तर तीसेक किलोमीटर. त्यामुळे "जाऊन यायला काय हरकत आहे?" हे वाक्य नाशिकच्या घरांत फार सहज निघतं, आणि न मानणाऱ्याला ते फार लागतं. हे दोन्ही मी माझ्या खोलीत इतक्यांदा पाहिलंय की ऐकताना कुणाचा चेहरा कधी पडणार तेही कळतं.

तुम्ही विधीला "ढोंग" म्हटलंय, पण तिथं काय करतात ते तुमच्या प्रश्नात कुठंच नाही. पान न बघता रोगाचं नाव लिहून दिल्यासारखं झालं हे, रागावू नका. विधी तीन दिवसांचा असतो. जोडीनं बसायचं. नवऱ्याला कोरं पांढरं धोतर, बायकोला पांढरी साडी; ते कपडे नंतर तिथंच सोडून यायचे. त्या दिवसांत त्र्यंबक सोडायचं नाही, जेवणात कांदा-लसूण नाही. नारायणबळी अकाली, वाईट मरण आलेल्यांसाठी, नागबळी नाग मारल्याच्या दोषासाठी. कणकेची प्रतिमा करून मंत्रांनी तिचा अंत्यसंस्कार करतात. मग सुतक. शेवटच्या दिवशी सोन्याच्या नागाची पूजा, आणि मग शुद्ध होऊन घरी.

म्हणजे मुळात हा अंत्यविधी आहे.

आता गर्भ जातो तेव्हा काय होतं ते आठवा. दवाखान्यात सकाळी दाखल, पिशवी साफ केली, संध्याकाळी घरी. गोळ्यांचा कागद, आठ दिवस जड उचलू नका. ना दहावं, ना तेरावं. भेटायला येणारे "होईल गं परत" म्हणत चहा पितात आणि गावाकडच्या पावसाबद्दल बोलून जातात. घरात कुणी गेलं असं कुणी म्हणतच नाही. एका बाईनं मला सांगितलं होतं, "मॅडम, तिथं गुरुजींनी पहिला प्रश्न काय विचारला? कोण गेलं? मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं." त्या बाईंचा नागदोषावर विश्वास होता की नाही, मी विचारलं नाही. त्या प्रश्नासाठी त्या तीन दिवस पाटावर बसल्या, एवढं मला कळलं.

तुमच्या पत्नीचंही असंच आहे असं मी म्हणत नाही. मी त्यांना भेटलेले नाही. कदाचित त्यांना खरंच दोषाची भीती असेल. कदाचित सासूबाईंना नाही म्हणता येत नसेल. हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी निघतात. म्हणून पहिलं काम: विचारा. "तू हे का मानतेस?" असं नको, त्यावर भांडणच होतं. "तिथं जाऊन आल्यावर तुला काय वाटेल असं वाटतं?" असं विचारा, आणि मग गप्प बसा. संशोधकांना हे दुसरं जड जातं.

तुम्ही लिहिलंय, पहिल्या वेळी रात्रभर जागून शोधनिबंध वाचलेत आणि दुसऱ्या दिवशी पत्नीला समजावलंत, की सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, त्यात कुणाची चूक नसते. माहिती बरोबर आहे. हेतूही चांगला, "तुझी चूक नाही" हेच तुम्हाला सांगायचं होतं. पण वाक्यात "दोष" होता ना? त्यांना तेवढाच ऐकू आला असेल. आणि आता सासूबाईही तोच शब्द वापरतायत. नवरा म्हणतो गुणसूत्रात दोष, सासू म्हणते घराण्यात दोष. मधे बसलेल्या बाईला दोन्हीकडून एकच ऐकू येतं. फरक एवढाच की सासूबाईंच्या दोषावर तीन दिवसांचा उपाय आहे. तुमच्या दोषावर तुम्ही काहीच सुचवलं नाहीत.

ती रात्र जागून निबंध वाचणं हाही तुमचा एक विधीच होता, हे ध्यानात घ्या. त्यानं गर्भ परत येणार नव्हता. तुम्हाला हातात काहीतरी धरायला हवं होतं. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही, पण तुम्ही ते एकट्यानं केलंत.

पुराव्यांनी हा वाद मिटवायला निघालेले एक गृहस्थ मला आठवतात. ओळख पटू नये म्हणून बाकीचं बदलते. त्यांनी जयंत नारळीकरांच्या फलज्योतिषाच्या चाचणीची छापील माहिती आणली होती. तुम्हाला ठाऊक असेलच: दोनशे पत्रिका, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या, २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. गृहस्थांनी हे सगळं नीट, शांतपणे, चांगल्या शिक्षकासारखं समजावलं. बायकोनं पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे माझ्या बाबांनी पत्रिका बघून तुमच्याशी लग्न लावलं, ते नाणं उडवल्यासारखंच झालं म्हणायचं?" त्यावर गृहस्थांना काही सुचेना. मलाही नाही, खरं सांगायचं तर.

तुमचीही पत्रिका पाहिली गेली. किती गुण जुळले ते कुणीतरी मोजलं, पण मुलगा देव मानतो का हे कुणी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही. माझ्याकडे वेगवेगळ्या धर्मांची जोडपीही येतात, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस देऊन, तीस दिवस जीव मुठीत धरून लग्न केलेली. त्यांची भांडणं वेगळी असतात. पण एक गोष्ट त्यांच्यात बरी दिसते: आपलं जुळत नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं, म्हणून लग्नाआधीच सगळं बोलून झालेलं असतं. मुलाचं नाव, सण, मेल्यावर काय करायचं, सगळं. एकाच जातीत, पत्रिका जुळवून लग्न झालेल्यांचं हे बोलणं राहून जातं. ते सहा वर्षांनी, दवाखान्यातून आल्यावर, सासूबाईंसमोर करावं लागतं.

इथं मला डार्विन आठवतो. शास्त्रज्ञ नवरा आणि श्रद्धाळू बायको म्हटलं की त्याचं नाव निघतंच, पण त्याच्या सिद्धांतापेक्षा त्याच्या घरातलं मला जास्त उपयोगी पडलंय. लग्न ठरलं तेव्हा त्याला धर्माबद्दल शंका होत्या. वडिलांचा सल्ला होता, हे बायकोपासून लपवून ठेव. त्यानं ऐकलं नाही. लग्नाआधीच एमाला सांगितलं. २९ जानेवारी १८३९ ला लग्न झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एमानं त्याला एक पत्र लिहिलं. एकाच घरात राहून पत्र, कारण समोर बोलताना नीट मांडता येणार नाही असं तिला वाटलं. सिद्ध होईपर्यंत काही मानायचं नाही ही शास्त्राच्या कामातली सवय, जिथं तशी सिद्धता मिळणारच नाही अशा बाबतीतही तुझ्या मनावर जरा जास्तच चालत नाही ना, असं तिनं विचारलं होतं. त्यानं ते पत्र जन्मभर जपलं. त्यावर स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं, की मी मेल्यावर तुला कळू दे, या पत्राची मी कितीदा चुंबनं घेतली आणि त्यावर कितीदा रडलो.

यात कुणी कुणाचं मत बदललं नाही. तो पुढं आणखी लांब गेला, ती चर्चला जात राहिली. पुढच्या काळात तो घरच्यांबरोबर चर्चपर्यंत जायचा आणि ते आत गेले की बाहेर फिरत राहायचा. १८५१ मध्ये त्यांची दहा वर्षांची ॲनी गेली. उपचारांसाठी तिला परगावी नेलं होतं. तो तिच्या उशाशी होता, एमाला दिवस भरत आलेले म्हणून ती घरी. दोघं एकमेकांना पत्रं लिहीत होते. ॲनीची लिहिण्याची पेटी आणि त्यातल्या बारीकसारीक वस्तू एमानं जपून ठेवल्या. हे वाचलं की मला तुमचा देव्हाऱ्यातला कागद आठवतो. आणि रोज संध्याकाळी दोघं बॅकगॅमन खेळायचे, सोंगट्या-फाशांचा खेळ. म्हातारपणी, १८७६ मध्ये, त्यानं एका अमेरिकन मित्राला हिशोब कळवलाय: एमानं २४९० डाव जिंकले, त्यानं २७९५. शास्त्रज्ञ शेवटी शास्त्रज्ञच, डावांचीही नोंद.

मला यातून उचलावासा वाटतो तो क्रम. त्यानं आधी सांगितलं, मग बरोबर गेला, आणि दारात थांबला. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून आज पाटावर बसणं हीच तुमच्या प्रामाणिकपणाची परीक्षा होऊन बसलीय. सहा वर्षं प्रत्येक सत्यनारायणाला गप्प बसून प्रसाद घेतलात आणि या वेळी अचानक तत्त्व आठवलं, असं पत्नीला वाटलं तर त्यांचं चुकलं का?

आता तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर. मी तुमच्या जागी असते तर बसले असते. पण आधी काही गोष्टी झाल्याशिवाय नाही.

एक तर तुम्ही दोघांनीच बसून, घरातलं कुणी नसताना, तुमचं न मानणं स्पष्ट सांगायचं. "मला यातलं काही खरं वाटत नाही. तुझ्याबरोबर बसायचंय म्हणून बसतोय." एवढी दोन वाक्यं पुरेत. पुढं "कारण" आलं की व्याख्यान सुरू होतं, म्हणून कारण देऊ नका. हे त्यांना माहीत असेल तर तुमचं बसणं खोटं राहत नाही. पूजेत यजमान म्हणून संकल्प तुमच्या तोंडून सोडवतात. तो आधी मराठीत समजून घ्या. एखादा शब्द उच्चारणं अगदीच अशक्य वाटलं तर ते तिथं नव्हे, आधी सांगा. आणि तोंडावर कुत्सित हसू येणार असेल, खिशातला फोन सारखा बाहेर येणार असेल, तर खरंच बसू नका. बरोबर जा, तीन दिवस त्र्यंबकला राहा, तेच कांदा-लसूण नसलेलं जेवण जेवा. कपाळाला आठ्या घालून पाटावर बसलेला नवरा मी पाहिलाय. त्याच्यापेक्षा बाहेर ओट्यावर चपला सांभाळत बसलेला परवडला.

दुसरं, तपासण्या जायच्या आधी. दोनदा गर्भ गेल्यावर बरेच डॉक्टर तिसऱ्या वेळेची वाट बघायला सांगत नाहीत, तपासण्या करून घेतात: थायरॉइड, साखर, रक्तातल्या काही अँटीबॉडीज, गर्भाशयाची रचना, आणि सल्ला मिळाला तर दोघांचीही गुणसूत्रं. दोघांची. तुम्हीही हात पुढं करून रक्त द्या, आणि पत्नीच्या आधी द्या. नागबळीला जोडीनं बसावं लागतं हे सासूबाईंना मान्यच आहे, तर इथंही जोडीनं. पूजेच्या नावाखाली औषध बंद होणार असेल, किंवा खर्चासाठी कर्ज काढायला लागणार असेल, तर मात्र माझं उत्तर साफ नाही असं आहे. आणि पत्नीला स्वतःला जायचंच नाहीये, फक्त दडपण आहे असं निघालं, तर नकार तुम्ही द्यायचा. स्वतःच्या नावावर. "मला पटत नाही म्हणून आम्ही जाणार नाही." तुमची नास्तिकता तिथं बायकोच्या कामी येईल.

तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि वर्षभरानं माझ्याकडे येतात. पूजा झाली आणि पुढच्या वेळी गर्भ टिकला तर श्रेय कुणाचं? नाही टिकला तर खापर कुणावर? दोन गर्भपातांनंतरही बहुतेक जोडप्यांना पुढं मूल होतं. म्हणजे तुम्हालाही होण्याची शक्यता चांगली आहे, पूजा करा अथवा करू नका. तुमच्या भाषेत, तुलना करायला शेजारी बिनफवारणीचा प्लॉटच नाही. मूल झालं तर घर म्हणेल नागबळीनं झालं. म्हणू द्या! तिथं ४६ टक्के काढू नका. पण उलट झालं तर एक वाक्य हमखास येतं: "हा श्रद्धेनं बसला नाही, म्हणून फळ मिळालं नाही." न मानणारा बसतो तेव्हा हे ओझं त्याच्या पाटाखाली आधीच ठेवलेलं असतं. म्हणून जाण्याआधी, वडीलधाऱ्यांसमोर, तुमच्या पत्नीनं एकदा बोलून टाकायचं: "हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. पुढं काही झालं तर कुणी कुणाला बोल लावायचा नाही." तुम्ही बोलून उपयोग नाही, त्यांनीच. त्या हे बोलायला तयार नसतील तर तुमची भीती खरी आहे आणि बसण्याची घाई नको. येत्या सिंहस्थामुळे त्र्यंबकला गर्दीच गर्दी आहे, तेवढं कारण वडीलधाऱ्यांना सांगायला पुरतं.

हे सगळं जमतं का? एक जोडपं सांगते. बायको सूक्ष्मजीवशास्त्रातली, काही न मानणारी. नवरा दरवर्षी चैत्रात सप्तशृंगीला चालत जाणारा. ती गडावर जात नाही. पण तो उतरायच्या दिवशी नांदुरीला गाडी घेऊन उभी असते, पाण्याची बाटली आणि पायांना लावायचं मलम घेऊन. तो तिला कुंकू लावायला सांगत नाही, ती त्याचे फोड बघून काही बोलत नाही. त्यांचं एकदाच जोराचं भांडण झालं, बाळाच्या बारशाला. सासूबाईंना रामकुंडाचं तीर्थ बाळाच्या जिभेला लावायचं होतं. ती म्हणाली, अंगावर शिंपडा, तोंडात नाही. तासभर घर हललं. शेवटी सासूबाईंनी दर्भानं चार थेंब पायांवर शिंपडले आणि गडू परत ठेवला. आजतागायत त्या घरात तोच नियम आहे, तीर्थ अंगावर, तोंडात उकळलेलं. तिनं तिथं जंतूंवर व्याख्यान दिलं असतं तर तेही झालं नसतं. कुठं अडायचं ते तिला नेमकं माहीत होतं, म्हणून बाकी सगळीकडे तिनं सोडून दिलं. तुम्हीही तुमची जागा नक्की करा. माझ्या मते ती औषधांवर आहे, पाटावर नाही. खंडेनवमीला तुमच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपला झेंडू वाहत असतीलच. तेव्हा तुम्ही काय करता? माझा भाऊ दिंडोरीला द्राक्षं करतो, डावणी रोगाची फवारणी वेळापत्रकानं करतो आणि पहिली तोड निघाली की नारळही फोडतो. त्याच्या बागेत गेलात तर तुम्ही नारळावर बोलाल की फवारणीच्या अंतरावर?

आता तो देव्हाऱ्यातला कागद. "काय करायचं कळत नाही," असं लिहिलंय. तो तिथून हलवू नका, आणि अजून तिथं का, असंही विचारू नका. पण सोनोग्राफीचा कागद थर्मल असतो. उजेडानं आणि उष्णतेनं पुसट होत जातो, आणि समईच्या शेजारी असेल तर लवकर. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, पत्नीला कदाचित नसेल. आज रात्री त्यांना ते सांगा. त्या हो म्हणाल्या तर उद्या दोघं मिळून त्याची चांगली प्रत काढून आणा. मूळ कागद परत जागेवर ठेवा, समईपासून थोडा लांब.